अष्टमीचा दिवा आणि तुमची पितळी नळी

अहो,

मिनूनं कागदावर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. म्हटलं, ज्या माणसाला मी जन्मभर ‘अहो’ सोडून काही म्हटलं नाही, त्याला आता ‘प्रिय’ म्हटलं तर तो मागे वळून बघेल, दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं म्हणून. तेव्हा ‘अहो’च बरं. अक्षर तुमच्या नातीचं, बोलणं माझं. मला लिहिता येत नाही यावरून तुम्ही किती चिडवलंत ते आठवतंय ना? आता चिडवा. तुम्हाला तरी उत्तर कुठे लिहिता येणार आहे?

आणि आत्ताच का लिहिते आहे? समोरच्या नलूताई परवा गेल्या. झोपेतच गेल्या, काही त्रास नाही झाला. पण त्या तिथे पोचल्या की आधी तुम्हाला गाठतील आणि सगळ्या दर्पण कॉलनीची खबर देतील, त्यात पहिली आपल्या घरची. त्यांच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून साधं ऐका. मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. आपल्या संजयला तुमच्या मिशीची गोष्ट सांगून टाकली.

रागावू नका. रागावलात तरी मला इथे कळणार नाही, हा एक फायदा आहे. पण का सांगितली ते ऐकून घ्या.

मिनू म्हणते, “आजी, शुरू से बता, मलापण नाही माहीत सगळं.” तर तिच्यासाठी थोडं मागून सांगते, तुम्ही तोवर डुलकी काढा.

दौलतगंजातल्या तुमच्या दुकानाच्या पाटीवर स्टोव्ह दुरुस्ती लिहिलेलं होतं म्हणतात. मी कुठे वाचलंय! पण लोक यायचे ते गॅसची छोटी टंकी भरून घ्यायला. ती पाच किलोची, डोक्यावरच शेगडी बसवलेली. खोल्या घेऊन राहणारी शिकणारी पोरं, चाटवाले, बांधकामावरची माणसं, सगळ्यांची चूल तीच. तुम्ही मोठी टंकी पालथी करायचात, खाली छोटी, मध्ये तुमची ती पितळी नळी, की झाला गॅस इकडचा तिकडे. हे कायद्यात बसत नाही हे तुम्हाला माहीत होतं, बाजाराला माहीत होतं. तपासणीवाले येणार असं कळलं की तुम्ही एकदम साधू होऊन स्टोव्हला पिन मारत बसायचात.

मी कधी भीती घातली तर नाकावर बोट ठेवून म्हणायचात, “हे आहे ना. जरा गळालं की कळतं.” सगळी काळजी त्या एका नाकावर सोपवलेली. आणि सर्दी तर तुम्हाला बारा महिने!

ती नळी तुम्हाला इतकी लाडकी की दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडायचात. आपले पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे ग्वाल्हेरला आले, तलवारी घेऊन आले, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. तलवार कुठे गेली ते मात्र नाही ऐकवायचात. ती गेली थोरल्या भाऊबंदांच्या वाटणीला. आपल्याला आलं कट्यारीचं नुसतं म्यान. पाटावर मधोमध ते रिकामं म्यान, शेजारी हळदकुंकू लावलेली गॅसची नळी, वर झेंडूचं फूल. मला हसू यायचं आणि तुम्ही डोळे वटारायचात.

संजय लहानपणापासून हे बघत आला. त्याच्या लेखी तेच आपल्या घराचं शस्त्र.

आता दिव्याचं. तेही तुम्हाला माहीतच आहे, पण मिनूसाठी सांगते. आपल्याकडे नवरात्रात घट बसले की नंदादीप लागतो, तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही. सासूबाईंनी मला नवी नवरी असतानाच बजावलं होतं, हा दिवा घरच्या कर्त्या पुरुषाच्या आयुष्याचा. मी तुमच्यासाठी वर्षानुवर्षं तेल घालत बसले. झोप येऊ नये म्हणून भिंतीला पाठ लावली नाही. आणि तुम्ही काय केलंत? चहा प्यायलात, कप खाली ठेवलात, छातीवर हात ठेवलात आणि गेलात. नवरात्राला तेव्हा पुष्कळ अवकाश होता, म्हणून दिव्याला दोष देत नाही. पण निदान मला विचारायचं तरी होतं.

मागच्या वर्षी सुतकाचं साल, घट बसले नाहीत. यंदा बसले. दिवा आता संजयच्या नावाचा. वैशालीनं तो मनापासून सांभाळला. सून इंदूरची, पण आपल्या घरचं सगळं माझ्यापेक्षा कडक पाळते. देवघराच्या खिडक्या बंद, मागचं दार बंद, पंखा बंद. वारा लागायला नको म्हणून दाराला पडदासुद्धा खोचलेला. आम्ही आत घामानं भिजलो होतो आणि ज्योत मात्र राणीसारखी सरळ.

आणि त्याच खोलीत, भिंतीच्या कडेला, छोटी टंकी. ही युक्ती तुमचीच. घरात अंडी-मटण शिजतं, तेव्हा देवीचा स्वयंपाक वेगळ्या शेगडीवर हवा, म्हणून तुम्ही ती देवघरात आणून ठेवलीत. किती हुशार! बंद खोली, खाली जळता दिवा आणि शेजारी गॅस. इतकी वर्षं मी तिथे बसून पुरण शिजवलं आणि मलाही कधी वाटलं नाही की हे तीन एकत्र नसावेत. देवीच्या खोलीत काय व्हायचंय, असंच वाटायचं.

तर अष्टमीला पुरणाची डाळ अर्धी शिजली आणि शेगडी फुसफुसून विझली. एजन्सीला सुट्टी. वैशालीला स्वयंपाकघरातली शेगडी चालेना, त्यावर एरवी मटण शिजतं. संजय तर वाटच बघत होता. तुमची नळी त्यानं ट्रंकेतून काढून, चिंच लावून लखलखीत करून ठेवली होती, दसऱ्यासाठी. म्हणाला, “रुको, आत्ता भरतो.” आणि स्वयंपाकघरातली मोठी टंकी घरंगळवत देवघराच्या उंबऱ्याशी आणली.

मी म्हटलं, बाबा रे, गच्चीवर ने, नाहीतर बाहेर अंगणात. तर म्हणे बाहेर नेली की शेजारी बघतील. मी परत म्हटलं, तेव्हा तो हसला. तुमच्यासारखाच, एका गालानं.

“आई, बाबा रोज करायचे. जन्मात कधी काही झालं का त्यांना?”

आता सांगा, मी काय बोलणार होते? तुम्हाला दिलेला शब्द माझ्या घशात आडवा बसलेला.  मिशीची गोष्ट खरं तर तेव्हाच सांगायची, पण मी आपली पतिव्रता! पाटावर बसून देवीची माळ ओवत राहिले.

टंकी पालथी झाली, नळी लागली, आणि फुस्स आवाज आला. तुम्ही असतात तर आवाजावरूनच ओळखलं असतंत. नळीतली रबराची वायसर ट्रंकेत पडून पडून सुकून लाकूड झाली होती. पितळ तेवढं चकचकीत. संजयनं पितळच घासलं होतं ना.

वास आधी मला आला. संजय वाकलेला, वैशाली उभी, मिनू दारात, त्यांना कुणाला काही नाही. मी जमिनीवर बसलेली. तुम्हीच तर सांगायचात, हा गॅस धुरासारखा वर नाही जात, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवरून चालत जातो. तो चालत माझ्याकडे आला होता. आणि माझ्या पुढे, हाताच्या अंतरावर, घटासमोर, जमिनीवर दिवा.

मी म्हटलं, संजय, बंद कर. तो म्हणाला, एक मिनिट.

एक मिनिट नव्हतं हो. नैवेद्याची रिकामी पितळी वाटी माझ्या मांडीशी होती. ती मी दिव्यावर पालथी घातली.

फुंकर नाही मारली. देवाच्या दिव्याला फुंकर मारू नये एवढं माझ्या हाताला आपोआप आठवलं, याचं मला नंतर नवल वाटलं. खोलीत अंधार झाला. वैशाली म्हणाली, “आई, ये क्या किया?” आणि तिचा हात विजेच्या बटणाकडे गेला.

“बटणाला हात लावू नकोस. टंकी बंद कर रे. दारं उघडा. सगळे बाहेर.”

एवढंच बोलले. मिनू म्हणते मी ओरडले. मला नाही तसं वाटत. तुमच्याशी बोलायची ते काय याहून हळू होतं?

संजयनं दोन्ही टंक्यांच्या चाव्या बंद केल्या.  वैशालीनं मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, पडदा ओढून काढला. मग आम्ही सगळे गल्लीत जाऊन उभे राहिलो, अनवाणी, अष्टमीच्या भर सकाळी. वैशालीच्या हाताला डाळ, माझ्या गळ्यात अर्धी ओवलेली माळ, कशी आली देवीला ठाऊक. नलूताई फाटकाशी आल्या आणि विचारलं, “पूजा बाहर कर रहे हो क्या इस बार?” बघा, हे त्या तुम्हाला सांगणारच.

वैशाली रडायला लागली. भीतीनं नाही, दिव्यासाठी. नवऱ्याच्या नावाचा दिवा, अष्टमीला, आणि सासूनं विझवला. तिचं तरी काय चुकलं? ती माझ्याकडे बघेना. मग मीच तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, “दिवा विझलाय, तो उभा आहे. हात लावून बघ.”

तिनं खरंच लावला. संजयच्या दंडाला, बोटांच्या टोकांनी, गरम तव्याला लावावा तसा.

दुपारपर्यंत घर उघडं ठेवलं. मग आधी मी एकटी आत गेले, जमिनीवर बसून मांजरासारखी कोपरेन् कोपरे हुंगून आले. वाती नवीन घातल्या आणि वैशालीला म्हटलं, तू लाव. तिनं लावला. देवीनं त्या दिवशी दूध आणि केळं खाल्लं. काही बोलली नाही.

मला वाटलं, पोरगा धडा शिकला. कुठलं काय! आपलाच मुलगा तो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, “नुसती वायसर होती आई, नवीन टाकतो.” आणि मग हळूच पुढचं काढलं. नई सडकेवरच्या ज्या कापडाच्या दुकानात तो बसतो तिथे आता गिऱ्हाईक पूर्वीसारखं येत नाही. मालक कधीही नको म्हणेल. तेव्हा दसऱ्याला नळीची पूजा करायची आणि कॉलनीमागच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांच्या टंक्या भरून द्यायला सुरुवात करायची. पोरांना सांगूनही झालं होतं. घरातच भरायच्या, देवघराच्या मागच्या बोळात. बाबांचं नाव चालवायचं म्हणे.

 वायसर बदलता येते हो. पण त्याच्या डोक्यात तुम्ही बसला होतात, रोज टंक्या भरणारे आणि कधी काही न झालेले. ते कसं बदलायचं?

वैशाली मला म्हणाली, आई, तुम्ही सांगा त्यांना, तुमचंच ऐकतील. माझं कुठे कुणी ऐकतं? तुम्ही ऐकलंत?

नवमीला घरातले सगळे शेजाऱ्यांकडे कन्याभोजनाला गेले. मी गुडघ्याचं कारण सांगून मागे राहिले. लोखंडी खलबत्ता काढला, तुमची नळी फरशीवर ठेवली, आणि बत्त्यानं ठोकली. पितळ तुम्ही म्हणायचात तसं खरंच चांगलं होतं. लवकर मानेना. मी मध्ये थांबून चहा करून प्यायले, परत ठोकलं. शेवटी ती चपटी झाली, चिंचेच्या शेंगेसारखी. मग तिला धुतलं, पुसलं.

दसऱ्याला संजय अंघोळ करून पूजेला आला, तर पाटावर सगळं मांडलेलं. तुमचं म्यान, त्याच्या स्कूटरची किल्ली, वैशालीची कात्री, मिनूचा लॅपटॉप. आणि म्यानाशेजारी, नेहमीच्या जागी, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून, ती चपटी नळी.

त्यानं ती उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, “आई, ही बाबांची होती.”

“म्हणून तर पाटावर ठेवली. नाहीतर भंगारात दिली असती.”

“बाबांना कधी काही झालं नाही,” तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, जरा अडखळत, “झालं होतं?”

त्यानं सरळ विचारलं हो. विचारल्यावर मी काय करू?

सांगितलं. तुम्ही भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून घरी आलात. टॉवेल काढला तर भुवया नाहीत, मिशी अर्धी जळलेली, उजवा हात कोपरापासून लालभडक. एका टंकीचा कॉक गळत होता आणि शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्ह चालू होता. भडका उठला आणि बसला. नुसता उठून बसला, ही देवीची कृपा, नाकाची नाही. तुम्ही मला खोबरेल मागितलं आणि म्हणालात, मुलांना कळता कामा नये. बाप भ्याला असं त्यांना वाटायला नको. शब्द घेतलात माझ्याकडून.

पण मिशीचं काय करणार? फौजेतल्या माणसाच्या घरची मिशी, ती काय हौसेनं उतरवतात? मग तुम्ही उरलेली अर्धीही काढून आलात आणि मुलांना सांगितलंत, साताऱ्याचे आप्पा वारले. भाऊबंदांतले, म्हणून मिशी काढली. चांगले ठणठणीत आप्पा, तुम्ही एका वाक्यात मारून टाकलेत! वर सुतक पाळावं लागलं. मुलांना गोड नाही, देवाला दिवा नाही, मी बाजूला बसून जेवले. ज्याचं सुतक तो तिकडे साताऱ्यात भाकरी खात असेल. आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच आप्पा लग्नाला म्हणून ग्वाल्हेरला आले, आपल्याच खाटेवर बसले. संजय त्यांना बघून धान्याच्या कोठीमागे लपला होता. आठवतं? तुम्ही शांतपणे म्हणालात, हे दुसरे आप्पा.

मी हे सगळं सांगत होते आणि संजयचा हात आपोआप स्वतःच्या मिशीवर गेला. चाचपून बघितली. मग म्हणाला, “मतलब आप्पा एकच होते?”

म्हटलं, एकच.

तो हसायला लागला. पाटासमोर बसून इतका हसला की मिनू आणि वैशाली धावत आल्या. मग एकदम थांबला आणि तुमच्या हातावरच्या त्या पांढऱ्या डागाचं विचारलं. त्याला तुम्ही सांगितलं होतंत जन्मापासूनचा आहे. मी म्हटलं, तो त्याच दुपारचा. त्यावर मात्र तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

आता माझी एकच तक्रार. तुम्ही खोटं बोललात म्हणून मुलगा तुम्हाला शूर समजत राहिला. खरं सांगितलं असतंत तर तो तुम्हाला वाचलेला समजला असता. वाचलेला बाप काय कमी असतो? आणि बाप वाचला तो कशामुळे, हे त्यानं कधीतरी विचारलं असतं.

मिनू म्हणते, “आजी, ये वाला पार्ट रहने दे, आजोबांना वाईट वाटेल.” मी म्हटलं लिही. त्यांना वाईट वाटायला वेळच वेळ आहे तिथे.

नंतरचं थोडक्यात. पूजा झाल्यावर संजय स्वतः त्या पोरांच्या खोल्यांवर गेला. काय म्हणाला मला माहीत नाही, पण मिशीची गोष्ट सांगितली असावी, कारण पोरं आता त्याला बघून हसतात. टंकी इथे भरली जाणार नाही, एजन्सीत रिकामी द्या आणि भरलेली घ्या, असं त्यानं सांगितलं. आपलीही छोटी तिथूनच बदलून आणली, रांगेत उभा राहून. दुकानाचं काय होईल ते होईल. वैशालीनं शिवण घ्यायला सुरुवात केली आहे. संजय काज-बटणं करतो, कुणाला सांगत नाही. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही कुणाला सांगू नका.

साताऱ्याचे आप्पा आता खरंच तिथे आहेत. भेटले तर माफी मागून घ्या. ते म्हणतील कशाची, तेव्हा सांगा.

आता माझा शब्द घ्या. मागचा मोडला, हा मोडणार नाही. जोवर माझे डोळे उघडे आहेत, या घरात एका टंकीतला गॅस दुसऱ्या टंकीत जाणार नाही. देवीची शेगडी देवघरातून निघाली, मागच्या उघड्या ओसरीवर गेली, तिथेच राहील. खिडकी उघडी ठेवून दिवा जपायला मी वैशालीला शिकवीन, काचेची हंडी आणली आहे. आणि तुमची नळी दर दसऱ्याला म्यानाशेजारी मांडीन, फूल वाहीन. रिकामं म्यान आणि चपटी नळी, आपल्या घरची शस्त्रं आता ठीक जमली आहेत.

सही येत नाही. मिनू शाई शोधायला निघाली होती, तिला थांबवलं. अष्टमीला दिव्यावर पालथी घातलेली वाटी मी अजून घासू दिलेली नाही, आत काजळी तशीच आहे. तिच्यात अंगठा बुडवून खाली उमटवते आहे. ओळखाल.

तुमची
(नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, मग मी तरी कशाला सांगू?)